घरविम्यातली माहिती अद्ययावत कशी ठेवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा विमा काढताना भरलेला फॉर्म घरातलं कोणी पुन्हा उघडून पाहत नाही. तो नीट वाचला जातो थेट क्लेमच्या वेळी, आणि वाचणारा असतो नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर. त्याच्या एका हातात तो कागद असतो आणि समोर तुमचं घर. दोन्हींत जेवढी तफावत, तेवढे पैसे अडकतात.

खालची उत्तरं प्रामुख्याने 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीला धरून आहेत. विमा नियामक इर्डाईने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. कंपनी कोणतीही असली तरी मूळ कलमं तीच. तुमची पॉलिसी वेगळ्या नावाची असेल तर तिची कलमं वेगळी असू शकतात, ती वाचून घ्या.

कर्ज घेताना बँकेने काहीतरी विमा काढला होता. तो घराचाच आहे ना?

खात्री करा. गृहकर्जासोबत बरेचदा जो विमा गळ्यात मारला जातो तो कर्जदाराच्या जिवाचा असतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं. भिंत पडली, आग लागली, पुराचं पाणी शिरलं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि कंपनीचं नाव बघा. जीवन विमा कंपनी असेल तर तो घरविमा नाही.

खरोखर घराचा विमा निघाला असेल तर पुढे दोन गोष्टी तपासा. विम्याची रक्कम कर्जाच्या रकमेवरून ठरवलीय का? कर्ज किती राहिलंय आणि घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, यांचा एकमेकांशी संबंध नाही. दुसरं म्हणजे मुदत. भारत गृह रक्षा जास्तीत जास्त १० वर्षांची घेता येते आणि कर्ज तर वीस-वीस वर्षांचं असतं. मध्येच पॉलिसी संपली आणि कर्जाचा हप्ता चालूच आहे म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं सर्रास होतं.

सोसायटीचा विमा आहे. मग मला वेगळं काही कळवायची गरज आहे का?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा काढायलाच हवा. दर महिन्याच्या बिलात 'विमा' असं सदर असतं ते त्याचंच. पण हा विमा इमारतीचा असतो. तुमचा फ्रिज, सोफा, कपाटं त्यात येत नाहीत. सेक्रेटरींकडे पॉलिसीच्या शेड्यूलची, म्हणजे विमा रक्कम आणि इतर तपशील छापलेल्या पानाची, प्रत मागा आणि इमारतीची विमा रक्कम कधी शेवटची वाढवली ते विचारा. उत्तराऐवजी शांतता मिळाली तर हा मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्या. स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर सोसायटीचाही विमा आहे, हे तुमच्या कंपनीला सांगून ठेवा.

पॉलिसीतली कोणती माहिती सगळ्यात महत्त्वाची?

माझ्या मते कार्पेट एरिया. नाव-पत्त्यातली चूक दुरुस्त होते, क्षेत्रफळातली चूक थेट पैशावर येते.

कारण असं. भारत गृह रक्षामध्ये इमारतीची विमा रक्कम काढायचं सूत्र सरळ आहे: कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला सध्याचा बांधकाम खर्च. नुकसान झाल्यावर दुरुस्तीचा खर्च मिळतो, पण तो तुम्ही जाहीर केलेल्या आणि शेड्यूलमध्ये छापलेल्या कार्पेट एरियापुरताच. या पॉलिसीत अंडर-इन्शुरन्सची कात्री लागत नाही, म्हणजे विमा रक्कम कमी पडली म्हणून त्याच प्रमाणात क्लेम कापला जात नाही. ही मोठी सोय आहे. तिच्या भरवशावर लोक क्षेत्रफळाकडे मात्र काणाडोळा करतात.

कार्पेट एरिया मोजायची पद्धतही पॉलिसीत दिलेली आहे. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती सोडायच्या. बाल्कनी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांचं क्षेत्र २५ टक्के धरायचं. समजा फ्लॅट आतून ६०० चौरस फूट आणि बाल्कनी ६० चौरस फूट. बाल्कनीचे धरायचे १५, म्हणजे एकूण ६१५ चौरस फूट. फॉर्मवर चौरस मीटर मागितले असतील तर १०.७६४ ने भागा, साधारण ५७.१ येतात. चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात टाकलेले फॉर्मही असतात, म्हणून एकक एकदा डोळ्यांखालून घाला.

आकडा घ्यायचा करारनाम्यातून. रेरा कायदा आल्यापासून करारात कार्पेट एरिया लिहिलेला असतो. जुन्या करारांत बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) किंवा सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटाही धरून) एवढंच असतं. मालमत्ता कराच्या बिलावरचा आकडा कशाचा आहे हे विचारल्याशिवाय तो उतरवू नका. शंका असेल तर सरळ टेप घेऊन मोजा. सुपर बिल्टअप लिहून ठेवलं म्हणून जास्त पैसे मिळतील, हा गैरसमज आहे. हप्ता जास्त जातो, क्लेम मात्र प्रत्यक्ष खर्चावरच ठरतो.

माझ्या फ्लॅटची किंमत ८० लाख आहे. विमाही ८० लाखांचाच हवा ना?

नको. त्या ८० लाखांत जमिनीचा वाटा आहे, जागेचा मोक्याचा भाव आहे. जमीन जळत नाही. वरच्या उदाहरणात बांधकाम खर्च २,५०० रुपये चौरस फूट धरला तर ६१५ चौरस फुटांचे १५,३७,५०० रुपये होतात. हा दर केवळ हिशेबासाठी घेतलाय. तुमच्या भागातला आजचा दर एखाद्या ठेकेदाराला किंवा इंजिनिअरला विचारा.

कंपाउंड भिंत, गेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, छतावरची सौर पॅनल हे सगळं या पॉलिसीत 'इमारती'तच मोडतं. त्यांची किंमत वरच्या हिशेबात वेगळी मिळवावी लागते. फ्लॅटवाल्यांना याचं फारसं नसतं. बंगलेवाल्यांचा मात्र आकडा इथेच चुकतो.

विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते म्हणे. मग आम्ही कशाला काही कळवायचं?

दीर्घ मुदतीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दर वर्षपूर्तीला १० टक्के वाढते. त्यासाठी जादा हप्ता नाही आणि ही वाढ मूळ रकमेच्या १०० टक्क्यांपर्यंतच. पण ती सोय महागाईसाठी आहे. सिमेंट-सळई-मजुरी महागते, ते तिच्यातून भरून निघतं. तुम्ही वर खोली चढवली, हे त्या १० टक्क्यांना कळत नाही. आणि सुरुवातीचा आकडाच निम्म्याने कमी असेल तर वाढणार तोही त्या निम्म्यावरच.

घरात बदल केले. कोणते कळवायचे, कोणते नाही?

क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार किंवा घराचा वापर, या तिन्हींपैकी काहीही बदललं तर कळवायचं.

क्षेत्रफळाचं उदाहरण घ्या. तळमजल्याचं ९०० चौरस फुटांचं घर, विमा तेवढ्याचा. दोन वर्षांनी मुलाच्या लग्नाआधी वर ४०० चौरस फूट चढवले. कळवलं नाही. पुढे भूकंपात दोन्ही मजल्यांना तडे गेले तर कंपनीच्या लेखी घर ९०० फुटांचंच आहे. वरच्या मजल्याचा खर्च तुमच्या खिशातून.

बांधकामाचा प्रकार कोकणात हमखास चुकतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कौलं आणि पत्रे उडालेली घरं गावोगाव होती. त्यानंतर अनेकांनी छप्पर बदललं. कुणी कौलांच्या जागी पत्रे घातले, कुणी स्लॅब टाकला. असा बदल पॉलिसीत यायला हवा. भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, ताडपत्री यांचं असेल तर पॉलिसीच्या भाषेत ते 'कच्चं' बांधकाम ठरतं आणि त्याचा वेगळा उल्लेख लागतो. मागच्या दारी उभारलेली पडवी कोणी जमेत धरत नाही. सर्व्हेअर धरतो.

वापराचं म्हणजे: पुढच्या खोलीत दुकान काढलं, खाली गोदाम केलं, पाळणाघर सुरू केलं, पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने खोल्या द्यायला लागलात. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. घरी बसून लॅपटॉपवर काम आणि गाळा काढून धंदा यांत फरक आहे. पण नेमकी रेघ कुठे, हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रंगकाम, फरशी, नवीन किचन?

रंगकाम कळवू नका. साधी दुरुस्तीही नाही. भिंतीत पक्कं बसवलेलं महागडं फर्निचर किंवा मॉड्युलर किचन केलं असेल तर विमा रक्कम पुरेशी आहे का ते बघा आणि बिलं ठेवा.

घर भाड्याने दिलं तर?

कळवायचं. लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत जोडा. भाडेकरूचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही, त्याने स्वतःच्या सामानाचा वेगळा विमा घ्यावा. घर राहण्यायोग्य उरलं नाही तर बुडालेलं भाडंही या पॉलिसीतून मिळू शकतं. पण घर भाड्याने दिल्याची कंपनीकडे नोंदच नसेल तर ते मागणार कशाच्या आधारावर?

गावचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. तेही सांगायचं?

हो, आणि हे लोक हमखास विसरतात. सलग बंद राहणाऱ्या घराबाबत पॉलिसीत अट असते. आगीच्या जुन्या पारंपरिक पॉलिसीत ही मर्यादा ३० दिवसांची होती. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते पाहा आणि कंपनीला लेखी कळवून ठेवा. गणपतीला नि शिमग्याला उघडणारं घर आणि रोज चूल पेटणारं घर, दोन्हींतली जोखीम सारखी नाही. गळती लागली तर बंद घरात ती दोन-दोन महिने कळतही नाही.

घरातल्या सामानाचं काय? त्याची यादी द्यावी लागते का?

भारत गृह रक्षामध्ये इमारतीसोबत सामानाचं संरक्षण आपोआप येतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या वर नाही. वरच्या १५,३७,५०० च्या उदाहरणात सामानासाठी ३,०७,५०० रुपये झाले. यापेक्षा जास्त हवं असेल तर सामानाचा तपशील देऊन वाढवून घ्यावं लागतं.

कंपनीने यादी मागितली नाही तरी स्वतःसाठी करा. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत चालत जा. कपाटं उघडा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर टिपा. हे काम अर्ध्या दुपारचं आहे. मग तो व्हिडिओ आणि बिलांचे फोटो स्वतःलाच ईमेल करा. घरातल्या फाइलवर विसंबू नका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात घरात पाणी शिरलं, तेव्हा कपाटासोबत कपाटातले कागदही भिजले.

दर दिवाळीला साफसफाई होतेच, त्याच दिवशी नवा व्हिडिओ काढला की झालं.

दागिने सामानात धरले जातात का?

नाही. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू यांना मौल्यवान वस्तू म्हणतात आणि त्यांचं संरक्षण पर्यायी आहे. ते मागून, वेगळा हप्ता भरून घ्यायचं. त्यात किंमत आधीच ठरवून घेतात. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकन दाखल्याची अट शिथिल असते. सोन्याचा भाव ज्या वेगाने चढलाय तो पाहता, जुन्या पॉलिसीतला १ लाखाच्या आतला हार आज त्या मर्यादेत बसेलच असं नाही. नूतनीकरणाच्या वेळी सराफाकडून ताजी किंमत काढा. दागिना मोडला किंवा मुलीला दिला तर यादीतून काढून टाका.

चोरीबद्दल एक खुलासा. मूळ पॉलिसीत विमा असलेल्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरीच येते, म्हणजे आग लागली आणि त्या गोंधळात कोणी सामान पळवलं, अशी. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

वडील वारले. पॉलिसी त्यांच्या नावावर होती. ती बाद झाली का?

भारत गृह रक्षामध्ये मालकाच्या मृत्यूनंतर उरलेल्या मुदतीत संरक्षण त्याच्या कायदेशीर वारसांसाठी चालू राहतं. तरीही मृत्यूचा दाखला देऊन कंपनीला लवकर कळवा आणि पुढचं नूतनीकरण योग्य नावाने करा. भावंडांत वाटणी व्हायची असेल, सातबाऱ्यावर किंवा शेअर सर्टिफिकेटवर नावं चढायची असतील, तर ते होईपर्यंत थांबू नका. वाटण्यांना वर्षं लागतात.

सहमालकाचं नाव राहून गेलं असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, तेही याच वेळी उरका. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नाव पॉलिसीतून काढून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी कर्ज नसलेल्या बँकेचा ना-हरकत दाखला शोधत फिरावं लागतं.

घर विकलं किंवा इमारत पुनर्विकासाला गेली तर?

विकलं की तुमचा त्या घरातला विमा-हितसंबंध संपतो, म्हणजे घराचं नुकसान हे तुमचं नुकसान उरत नाही. पॉलिसी नव्या मालकाकडे आपोआप जात नाही, त्याने स्वतःची घ्यायची. क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मागा.

पुनर्विकासात लोक चावी बिल्डरला देतात, भाड्याच्या घरात जातात आणि पाडलेल्या फ्लॅटचा हप्ता खात्यातून कापला जातच राहतो. घर रिकामं करायच्या आठवड्यातच कंपनीला लिहा. इमारतीचं संरक्षण रद्द करा आणि सामानाचा विमा भाड्याच्या पत्त्यासाठी घ्या. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की नव्या कार्पेट एरियासह नवा फॉर्म भरायचा. जुनाच पुढे ओढायचा नाही.

मला नूतनीकरणाची सूचना कधी येतच नाही. असं का?

पॉलिसीवर छापलेला मोबाइल नंबर वाचा. तो तुमचा आहे का? एजंटने घाईत स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकलेल्या पॉलिसी भरपूर सापडतात. एजंटने काम सोडलं की सगळे संदेश त्याच्या बंद नंबरवर जातात. दोन मिनिटांची दुरुस्ती आहे, आजच करा. ई-विमा खातं (पॉलिसी ऑनलाइन ठेवायचं खातं) असेल तर तिथेही नंबर बदला.

बदल कळवायचा कसा? एजंटला फोन केला तर चालतो?

फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पॉलिसी क्रमांक घालून लिहा: काय बदललं, कधीपासून, सोबत कोणता पुरावा जोडलाय. कंपनी त्यावर एंडोर्समेंट काढते, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं दुरुस्तीपत्र. काहींना जादा हप्ता लागतो. नाव, नंबर अशा दुरुस्त्या साधारणपणे फुकट होतात. एंडोर्समेंट हातात आलं की त्यावरची तारीख आणि आकडा तपासा. '६१५' च्या जागी '६१.५' छापून आलं तर ते शोधायची जबाबदारी तुमचीच.

'साहेब, नोंद झालीय' हे एजंटचं वाक्य सर्व्हेअरसमोर चालत नाही.

हप्ता वाढेल म्हणून नाही कळवलं तर काय बिघडतं?

विमा हा परम विश्वासावर चालणारा करार आहे. जोखमीशी संबंधित माहिती लपवली किंवा खोटी दिली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. घरविम्याचा हप्ता मोटारीच्या विम्याच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. तिथे चार पैसे वाचवायला जाणं मला तरी पटत नाही.

फॉर्ममध्ये आधीच चूक झालीय. आता सांगितलं तर अंगाशी येईल का?

नुकसान व्हायच्या आधी स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि नुकसानीनंतर सर्व्हेअरने पकडलेली चूक, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीचा शेवट बहुतेक वेळा एका एंडोर्समेंटवर आणि थोड्या जादा हप्त्यावर होतो. ईमेलमध्ये कारणमीमांसा लिहीत बसू नका. 'शेड्यूलमध्ये कार्पेट एरिया अमुक आहे, करारनाम्यानुसार तमुक आहे, दुरुस्ती करावी' एवढं पुरतं.

कळवूनही कंपनीने दुरुस्ती केली नाही, आणि आता क्लेम अडवलाय. काय करू?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथे काम झालं नाही तर इर्डाईचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल-फ्री क्रमांक. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारे अधिकारी. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. सोबत शेड्यूल, तुम्ही पाठवलेला बदलाचा ईमेल आणि कंपनीचं उत्तर जोडा. त्याच क्लेमबाबत ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार दाखल करून घेत नाहीत, तेव्हा कुठे जायचं ते आधी ठरवा.